‘चेक इंजिन’ दिव्याचा इतिहास : प्रदूषण-नियंत्रण, घरगुती दुरुस्ती आणि निदानाचा अधिकार

प्रस्तावना

मोटारगाडीच्या डॅशबोर्डवर इंजिनाच्या आकृतीचा एक पिवळसर दिवा असतो. अमेरिकेत तो ‘चेक इंजिन’ या नावाने ओळखला जातो. तंत्रज्ञानाच्या इतिहासलेखनात वाफेच्या इंजिनाला किंवा विमानाला जे स्थान मिळाले, ते अर्थातच या दिव्याला मिळालेले नाही. तथापि, ज्या देशात स्वतःची गाडी स्वतः दुरुस्त करणे ही केवळ काटकसर नसून एक सामाजिक सवय होती, त्या देशात मालक, कारखानदार आणि शासन यांच्यातील संबंध या दिव्याने बदलून टाकले. मालक सुटीच्या दिवशी स्पार्क प्लग बदलतो, गॅस्केट बसवतो, हात पुसून किल्ली फिरवतो. इंजिन सुरळीत चालते आणि तरीही दिवा पेटतो. हा प्रसंग गेल्या चार दशकांत अमेरिकेतील असंख्य घरांच्या गॅरेजमध्ये घडला आहे. अशा वेळी दिवा काय सांगत असतो आणि कोणाला सांगत असतो, या प्रश्नाचे उत्तर यंत्रशास्त्रात जितके आहे तितकेच इतिहासातही आहे. प्रस्तुत निबंधात त्याचा मागोवा घेण्याचा प्रयत्न केला आहे.

दिव्यापूर्वीचा मालक

फोर्ड कंपनीने १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटींहून अधिक ‘मॉडेल टी’ गाड्या बनवल्या. त्यांतील बऱ्याच गाड्या शेतकऱ्यांकडे गेल्या. जवळपास गॅरेज नसल्यामुळे पान्हा, पक्कड आणि अनुभव यांच्या बळावर गाडी चालू ठेवणे भागच होते. पुढे या सवयीला ग्रंथांचा आधार मिळाला. इंग्लंडमध्ये जॉन हेन्स यांची दुरुस्ती-पुस्तिकांची मालिका १९६६ मध्ये सुरू झाली. अमेरिकेत जॉन म्यूर या अभियंत्याने १९६९ मध्ये फोक्सवॅगनच्या मालकांसाठी लिहिलेले पुस्तक यंत्राची भीती घालवणारे पुस्तक म्हणून गाजले.

या काळातील निदानपद्धती इंद्रियांवर आधारलेली होती. काढलेल्या स्पार्क प्लगचे टोक काजळीने काळे असेल तर पेट्रोल जास्त जात आहे, पांढरट असेल तर हवा जास्त आहे, तेलकट असेल तर पिस्टनच्या रिंगा झिजल्या आहेत, हे ज्ञान गॅरेजमधून घरात आणि वडिलांकडून मुलाकडे जात असे. कार्बोरेटरचा स्क्रू अर्धा आटा फिरवून कानाने अंदाज घेतला जाई. इंजिनाचा आवाज हाच त्याचा जबाब होता, आणि तो ऐकणारा मालक किंवा मिस्त्री याच्याखेरीज दुसरा कोणी नव्हता.

इशारा देणारे दिवे तेव्हाही अगदीच अपरिचित नव्हते. १९३० च्या दशकात हडसन कंपनीने तेलाच्या दाबाच्या काट्याऐवजी दिवा बसवला. अशा दिव्यांना अमेरिकन बोलीत ‘मूर्खांचा दिवा’ असे हेटाळणीचे नाव पडले. काटा किती बिघडले ते सांगतो, दिवा फक्त बिघडले एवढेच सांगतो, हा त्या हेटाळणीचा आशय होता. मात्र तेलाचा दिवा आणि ‘चेक इंजिन’ यांना एकाच माळेचे मणी समजणे योग्य ठरणार नाही. तेलाचा दिवा मालकाच्या इंजिनाची काळजी वाहतो. दुसऱ्याची काळजी वेगळीच आहे, आणि तिचा उगम लॉस एंजेलिस शहराच्या हवेत आहे.

लॉस एंजेलिसची हवा

१९४३ च्या जुलै महिन्यात लॉस एंजेलिसवर डोळे चुरचुरवणारे दाट धुके उतरले. युद्धाचे दिवस असल्याने हा जपानचा विषारी वायूचा हल्ला तर नव्हे ना, अशीही शंका काही नागरिकांना आली. खरे कारण समजण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील डच वंशाचे रसायनशास्त्रज्ञ एरी हागेन-स्मित यांनी १९५० च्या दशकाच्या प्रारंभी दाखवून दिले की, न जळलेले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन ओझोन तयार होतो. या दोन्ही घटकांचा एक मोठा स्रोत मोटारगाडी हा होता. १९६७ मध्ये कॅलिफोर्नियात हवा-संसाधन मंडळ स्थापन झाले आणि हागेन-स्मित त्याचे पहिले अध्यक्ष झाले. १९७० च्या केंद्रीय स्वच्छ हवा कायद्याने तर मोटारींतील कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन यांचे उत्सर्जन १९७५ पर्यंत ९० टक्क्यांनी घटवण्याचे लक्ष्य ठेवले. मुदती नंतर पुढे ढकलल्या गेल्या, पण दिशा बदलली नाही.

१९७५ च्या मॉडेलपासून बहुसंख्य अमेरिकन गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. १९७७ च्या मॉडेलमध्ये व्होल्वोने कॅलिफोर्नियासाठी तिन्ही प्रदूषकांवर एकाच वेळी काम करणारा कन्व्हर्टर आणि त्याच्या जोडीला बॉश कंपनीचा ऑक्सिजन सेन्सर आणला. या जोडीचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. असा कन्व्हर्टर वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा, या प्रमाणाच्या अगदी आसपासच नीट काम करतो. इतका नेमकेपणा कार्बोरेटरच्या स्क्रूला आणि माणसाच्या कानाला साधणारा नव्हता. एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजून क्षणोक्षणी पेट्रोल कमी-जास्त करणारा संगणक गाडीत येणे अपरिहार्य झाले. घरगुती मिस्त्रीच्या हातातून मिश्रणाचा ताबा गेला तो या टप्प्यावर. दिवा त्यानंतर आला.

लुकलुकणारे संकेत

जनरल मोटर्सने १९८१ च्या मॉडेलपासून आपल्या अमेरिकन पेट्रोल गाड्यांत संगणक-नियंत्रण सर्रास आणले. सेन्सर तुटला किंवा त्याचे मोजमाप अशक्य वाटले, तर संगणक ‘चेक इंजिन’ दिवा लावी आणि दोषाचा अंक स्मृतीत ठेवी. हा अंक वाचण्याची रीत आज गमतीची वाटते. डॅशबोर्डखालील जोडणीतील दोन ठरावीक टोके तारेच्या तुकड्याने, बहुधा कागदाला लावायच्या पिनेने, जोडायची आणि किल्ली फिरवायची. दिवा एकदा लुकलुके, थांबे, मग दोनदा लुकलुके : म्हणजे १२. इंजिन बंद असताना १२ येणे हे स्वपरीक्षण चालू असल्याचे लक्षण मानले जाई. १३ म्हणजे ऑक्सिजन सेन्सरकडून संदेश नाही, १४ म्हणजे शीतक-तापमानाच्या सेन्सरमध्ये बिघाड, ४४ म्हणजे एक्झॉस्टमध्ये ऑक्सिजन जास्त.

क्रायस्लरच्या गाड्यांत तार लागत नसे. किल्ली ठरावीक क्रमाने तीनदा फिरवली की दिवा बोलू लागे. फोर्डच्या गाड्यांत व्होल्टमीटरच्या काट्याचे झोके मोजावे लागत. पण क्रायस्लरच्या गाडीत १२ या अंकाचा अर्थ बॅटरी अलीकडे काढली गेली होती असा होता! एका कंपनीची भाषा शिकलेला मालक दुसऱ्या कंपनीच्या गाडीपुढे निरक्षर ठरत होता. तरीही या दशकाला घरगुती निदानाचा नवा प्रारंभ मानणे वावगे ठरणार नाही. दिव्याची भाषा बाळबोध होती, आणि ती वाचण्याचे साधन घरातल्या मेजाच्या खणात सापडत होते.

कॅलिफोर्नियाच्या मंडळाने १९८५ मध्ये नियम करून १९८८ च्या मॉडेलपासून अशी स्वपरीक्षण-व्यवस्था आणि दिवा सक्तीचा केला. नव्या गाडीचे उत्सर्जन प्रमाणित करून भागत नव्हते. रस्त्यावर काही वर्षे चाललेल्या गाडीचा एखादा भाग निकामी झाला, तर इंजिनात काहीही फरक न जाणवता हवा दूषित होत राही. मालकाला त्रास नाही, म्हणून तो दुरुस्ती करत नाही, त्रास शहराला. अशा न जाणवणाऱ्या बिघाडाची जाणीव करून देणे हे दिव्याचे काम ठरले. पुढे या व्यवस्थेला ओबीडी-१ असे नाव पडले. १९८९ मध्ये मंडळाने अधिक कडक अशी ओबीडी-२ व्यवस्था स्वीकारली. १९९० च्या स्वच्छ हवा कायद्यातील दुरुस्तीमुळे ती देशव्यापी झाली, आणि १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटारीत व हलक्या ट्रकमध्ये सक्तीची झाली.

या टप्प्यावर एक विरोधाभास घडून आला, आणि दिव्याच्या इतिहासातील तोच सर्वांत महत्त्वाचा भाग आहे. मालकावर विश्वास न ठेवणाऱ्या कायद्याने त्याच मालकाच्या हाती सर्व कंपन्यांची सामाईक किल्ली दिली. चालकाच्या हाताशी असलेली १६ टोकांची एकच जोडणी, सर्व कंपन्यांना लागू असलेले ‘पी ०’ ने सुरू होणारे संकेत, आणि ते वाचणारा कोणाचाही स्कॅनर, या गोष्टी कारखानदारांनी आपणहून दिल्या असत्या असे मानण्यास मागील दशकातील अनुभव वाव देत नाही. शासकीय निरीक्षकाला प्रत्येक गाडी तपासता यावी म्हणून केलेली सोय घरच्या गॅरेजमध्येही आपोआप पोहोचली.

दुरुस्तीनंतर पेटणारा दिवा

आता मूळ प्रसंगाकडे वळता येईल. घरी दुरुस्ती केलेल्या गाडीचा दिवा पेटतो तेव्हा त्याची कारणे स्थूलमानाने तीन प्रकारची असतात : दुरुस्ती करताना झालेली चूक, दुरुस्तीने न सुटलेला मूळ दोष, किंवा दोष गेला तरी संगणकाला अद्याप न पटलेली खात्री. यांतील पहिला प्रकार सर्वाधिक आढळतो आणि सर्वाधिक फसवाही असतो.

उदाहरणार्थ, इनटेक मॅनिफोल्डचे गॅस्केट बदलताना व्हॅक्यूमची एखादी बारीक नळी परत बसवायची राहिली, असे समजा. आत येणारी हवा मोजणारा सेन्सर त्या नळीच्या अलीकडे असतो. त्यामुळे नळीच्या उघड्या तोंडातून शिरलेली हवा मोजली जात नाही. संगणक मोजलेल्या हवेपुरतेच पेट्रोल देतो आणि मिश्रणात हवा जास्त होते, म्हणजे मेकॅनिकच्या भाषेत ते ‘लीन’ होते. एक्झॉस्टमधील सेन्सरला जादा ऑक्सिजन दिसतो. संगणक पेट्रोल वाढवतो, आणखी वाढवतो, आणि वाढवण्याची मर्यादा संपली की पी ०१७१ हा संकेत नोंदवतो. तोवर इंजिन जवळजवळ ठीकच चाललेले असते, कारण संगणकाने चूक सांभाळून घेतलेली असते. संकेताचे वर्णन वाचून मालक पुष्कळदा नवा ऑक्सिजन सेन्सर आणतो. वास्तविक सेन्सरने खरी साक्ष दिलेली असते. त्याला काढून टाकणे म्हणजे साक्षीदारालाच शिक्षा करणे होय.

हाच संकेत अन्य कारणांनीही येतो. सेन्सरच्या अलीकडे एक्झॉस्टचा जोड सैल राहिला तर बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सेन्सर फसतो. एखादा सिलिंडर ‘मिसिंग’ करत असेल तर त्यातील न वापरलेला ऑक्सिजन एक्झॉस्टमध्ये येतो आणि मिश्रण प्रत्यक्षात ठीक असूनही लीन भासते. म्हणून पी ०३०१ आणि पी ०१७१ हे दोन संकेत एकत्र दिसल्यास आधी पहिल्या सिलिंडरचा प्लग, त्यावरील कॉइल आणि तिची जोडणी पाहणे श्रेयस्कर ठरते. कॉइल दुसऱ्या सिलिंडरवर बसवून पाहिली आणि संकेत ०३०१ वरून ०३०२ झाला, तर दोष कॉइलबरोबर सरकला हे एक पैसाही खर्च न होता सिद्ध होते. घरगुती निदानातील याहून सोपा आणि निर्णायक प्रयोग दाखवणे कठीण आहे. टायमिंग चेन बसवताना एका दात्याचा फरक राहिला तर क्रँकशाफ्ट व कॅमशाफ्ट यांचा मेळ नसल्याचा पी ००१६ येऊ शकतो. तेथे मात्र गाडी चालवत राहणे धोक्याचे असते. सर्वांत क्षुल्लक कारण म्हणजे पेट्रोलच्या टाकीचे झाकण. इंधनाची वाफ बाहेर जाऊ नये यासाठी ओबीडी-२ मध्ये प्रथम सुमारे १ मिलिमीटर आणि २००० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने सुमारे अर्धा मिलिमीटर व्यासाच्या छिद्राइतकी गळती ओळखणे सक्तीचे झाले. झाकण नीट आवळले नाही, तरी दिवा पेटतो.

झाकण सैल असो वा कन्व्हर्टर निकामी झालेला असो, दिवा तोच, रंग तोच. अपवाद एकच : कन्व्हर्टर जाळून टाकील इतके मिसिंग होत असेल तर दिवा लुकलुकतो. नियमकर्त्यांच्या दृष्टीने हे सुसंगत आहे, कारण उत्सर्जन साधारणतः प्रमाणाच्या दीडपट होईल असा कोणताही दोष त्यांना सारखाच. मालकाच्या दृष्टीने मात्र एवढ्या तफावतीच्या दोषांना एकच चिन्ह देणे ही रचनेतील मोठीच उणीव होय, आणि जुन्या हेटाळणीच्या नावाला तिने नवे निमित्त दिले. संकेत वाचल्याखेरीज दिव्याला अर्थ नाही, आणि संकेत वाचला तरी तो दोषाचे लक्षण सांगतो, दोषी भाग सांगत नाही. काजळीने काळा झालेला प्लग पाहून तर्क करणाऱ्या जुन्या मिस्त्रीचे काम त्यामुळे संपलेले नाही. तर्काचा पुरावा तेवढा बदलला.

पुसलेली स्मृती

दुरुस्ती पुरी झाल्यावर दिवा लगेच विझत नाही, हीदेखील तक्रार जुनी आहे. ओबीडी-२ मध्ये बहुतेक दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत आढळल्यावर दिवा पेटतो आणि लागोपाठ तीन निर्दोष फेऱ्यांनंतर विझतो. संकेत स्मृतीतून जाण्यास सर्वसाधारणपणे इंजिन ४० वेळा थंड अवस्थेतून तापावे लागते. इतका धीर नसलेला मालक बॅटरीचे टर्मिनल काढतो किंवा स्कॅनरने संकेत पुसतो. दिवा विझतो, पण त्याबरोबर दोष घडला त्या क्षणी इंजिनाची जी स्थिती नोंदली गेली होती तीही पुसली जाते आणि निदानाचा उत्तम धागा हातचा जातो. संकेत पुसण्यापूर्वी ही नोंद कागदावर उतरवून ठेवण्याचा सल्ला त्यामुळेच दिला जातो.

पुसण्यामागे दरवेळी अधीरता असते असे नाही. कधी हेतू लबाडीचाही असतो. २००२ पासून अमेरिकेतील वाहन-तपासणी कार्यक्रमांत ओबीडीची तपासणी समाविष्ट झाली. दिव्याचा बल्ब काढून टाकण्याची युक्ती चालू नये म्हणून किल्ली फिरवताच दिवा क्षणभर पेटतो की नाही हे निरीक्षक पाहतो. संकेत पुसून लगेच तपासणीला येणाऱ्यांसाठी दुसरी योजना आहे. प्रत्येक यंत्रणेची स्वपरीक्षा पूर्ण झाली की नाही याची नोंद संगणक ठेवतो, आणि पुसण्याबरोबर या परीक्षा पुन्हा शून्यावर येतात. केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार २००१ व त्यानंतरच्या मॉडेलला केवळ एक परीक्षा अपूर्ण चालते. कॅलिफोर्नियाने २०१० च्या मॉडेलपासून टप्प्याटप्प्याने ‘स्थायी संकेत’ आणले. ते बॅटरी काढून वा स्कॅनरने जात नाहीत. दोष खरोखर गेल्याचे संगणकाला पटले तरच जातात. जुलै २०१९ पासून तेथील तपासणीत त्यांचाही विचार होऊ लागला. प्रामाणिकपणे दुरुस्ती केलेल्या मालकालाही आता यंत्राची खात्री पटेपर्यंत काही दिवस गाडी चालवत राहावे लागते. हे जाचक वाटते, यात शंका नाही. तथापि नळी जोडणे आणि बॅटरी काढणे या दोन कृतींतील भेद ओळखण्याचा दुसरा मार्ग शासनापाशी नव्हता.

कारखानदारांवरही अशीच नजर हवी होती, हे पुढे दिसून आले. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने फोक्सवॅगनवर डिझेल गाड्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये लबाडी केल्याचा ठपका ठेवला. रस्त्यावर त्यांतील काही गाड्या नायट्रोजनची ऑक्साइडे प्रमाणाच्या ४० पटींपर्यंत सोडत होत्या. ही गोष्ट उघडकीस येण्यास डॅशबोर्डवरील दिवा कारणीभूत ठरला नाही. वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाडीत मोजयंत्र ठेवून रस्त्यावर केलेल्या चाचण्यांतून तिचा सुगावा लागला. दिव्याला काय दिसावे हे ठरवणारे सॉफ्टवेअर कारखानदारच लिहितो, ही मर्यादा या प्रकरणाने अधोरेखित केली.

माहितीच्या मालकीचा झगडा याच्याशी निगडित आहे. १९९० च्या कायद्याने उत्सर्जनाशी संबंधित निदान-माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांना देणे कारखानदारांवर बंधनकारक केले होते. ब्रेक, एअरबॅग अशा अन्य यंत्रणांची माहिती त्या कक्षेबाहेर राहिली. मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ च्या जनमतात सुमारे ८६ टक्के मतदारांनी दुरुस्तीच्या अधिकाराच्या बाजूने कौल दिला आणि २०१४ मध्ये कारखानदारांच्या संघटनांनी देशभरासाठी करार मान्य केला. गाडीची माहिती बिनतारी मार्गाने थेट कंपनीकडे जाऊ लागल्यावर त्याच राज्यात २०२० मध्ये पुन्हा मतदान झाले. त्यातही सुमारे ७५ टक्के मते मालकाच्या बाजूने पडली, आणि कारखानदार न्यायालयात गेले.

भारतातील दिवा

भारतात ही व्यवस्था भारत स्टेज-४ मानकांबरोबर १ एप्रिल २०१० पासून आली. आरंभी ही मानके राष्ट्रीय राजधानी क्षेत्र आणि निवडक शहरांपुरती होती. महाराष्ट्रातील मुंबई, पुणे आणि सोलापूर ही शहरे त्यांत होती. १ एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ चा टप्पा लागू झाला आणि १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज-४ देशभर सक्तीचे झाले. अमेरिकेशी तुलना करता येथे एक मूलभूत फरक संभवतो. येथील बहुसंख्य मालक स्वतः पान्हा हाती घेत नाहीत. कोपऱ्यावरचा मिस्त्री हाच त्यांचा ‘घरगुती’ दुरुस्तीकार असतो. शिवाय पीयूसी प्रमाणपत्र सायलेन्सरच्या नळीतून येणाऱ्या धुराच्या मोजणीवर आधारलेले असल्याने, दिवा पेटलेली गाडीही त्या तपासणीत उत्तीर्ण होऊ शकते. अमेरिकेत दिव्यामागे तपासणीचा धाक उभा राहिला. येथे दिवा आला, पण तसा धाक त्याच्यामागे आला नाही, आणि त्यामुळे पेटलेल्या दिव्यानिशी गाडी चालवत राहणाऱ्या मालकाला अडवणारे असे कोणी नाही.

दुचाकींना भारत स्टेज-६ मानकांनुसार एप्रिल २०२० पासून ओबीडीचा पहिला आणि एप्रिल २०२३ पासून दुसऱ्या टप्प्याचा आरंभ लागू झाला. कार्बोरेटरचा स्क्रू फिरवून कान लावणारा रस्त्याकडेचा दुचाकी-मिस्त्री आता त्याच पिवळ्या दिव्यापुढे बसला आहे, आणि त्याच्या पेटीत पान्ह्यांच्या शेजारी स्कॅनर येऊ लागला आहे.